हिंगोलीला गेलेला पटका

आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, बसमध्ये उभं राहून प्रवास करणं मंजूर नव्हतं. तिकीट काढलं की बूड टेकलंच पाहिजे, असा त्यांचा बाणा. त्यामुळे गाडी स्टँडवर थांबते न थांबते तोच ते डोक्याचा पटका सोडायचे आणि खिडकीतून नेम धरून सीटवर फेकायचे. ज्याचा पटका त्याची जागा. माणसं रेटारेटी करत, एकमेकांच्या पायांवर चढत, पण दुसऱ्याच्या पटक्यावर कोणी बसत नसे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ताईची लग्नानंतरची पहिली पंचमी होती आणि तिला आणायला दादा मला घेऊन निघाले. मी तेव्हा शाळकरी पोर. आमचं गाव कुरुंद्याजवळ, ताईचं सासर औंढ्याच्या पलीकडे डोंगरात. खरी अडचण डोंगराची नव्हती, विहीणबाईंची होती. लग्नात मानाच्या लुगड्याचा काठ बारीक निघाला म्हणून त्या भर मांडवात मायला बोलल्या. माय त्यांना पुरून उरली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. "पंचमीला पोरगी धाडनार न्हाई," असा त्यांचा निरोपही येऊन पोचला होता. मायनं त्यावर घरातली सगळी भांडी आपटली आणि दादांना बजावलं, "लेकराला घेतल्याबिगर घरी येऊ नका." उधळलेल्या बैलाला आडवे जाणारे दादा, पण विहीणबाईंपुढं बसायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

औंढ्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर सणाची ही गर्दी. एक गाडी आली, दादांनी पटका फेकला आणि आम्ही दाराशी झोंबलो.

"हिंगोली, हिंगोली!" कंडक्टर ओरडला.

"डोंगराची न्हाई व्हय?"

"न्हाई काका, ती मागून येऊन राहिली."

तेवढ्यात घंटी वाजली. "माझा पटका!" करत दादा गाडीमागं पळाले, पण पटका सीटवर ऐसपैस बसून हिंगोलीला गेला. मी खो खो हसले आणि एक धपाटा खाल्ला.

धपाटा बरोबरच होता. आमच्याकडं मोठा माणूस बोडक्या डोक्यानं पाहुण्यांच्या दारी गेला, तर त्याच्या घरात कोणीतरी गेलं, हे न सांगता समजायचं. दादांच्या उपरण्यात मायनं ज्वारीच्या लाह्या बांधून दिल्या होत्या. मी म्हटलं, लाह्या ओता आणि उपरणं डोक्याला गुंडाळा.

"आन् इहीनबाईपुढं रिकाम्या हातानं जाऊ व्हय?" दादा खेकसले.

मागची गाडी आली. दादा चढले आणि गर्दी आपोआप दुभंगली. एका माणसानं उठून जागा दिली. जन्मात पहिल्यांदा दादांना पटका न फेकता सीट मिळाली.

"कोन गेलं रं बाबा?" शेजारच्या म्हातारीनं विचारलं.

"कोनी न्हाई गेलं."

"सुरुवातीला असंच वाटतं," म्हातारी म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

समोरच्या माणसानं हळूच विचारलं, कुठं निघालात. दादांनी गावाचं नाव सांगितलं. "पोरगीला आनायला चाललो."

"अरारा," तो म्हणाला. तो त्याच गावचा निघाला. दादांनी पुन्हा समजावलं, पण ऐकायला कोणी तयार नव्हतं.

घाटात इंजिनातून वाफ निघाली. कंडक्टरनं सगळ्यांना उतरवलं. ड्रायव्हर डबा घेऊन ओढ्याला पाणी आणायला गेला. नंतर सगळ्यांनी गाडीला धक्का दिला, पण दादांना कोणी हात लावू देईना. "तुमी बसून राहा काका," कंडक्टर म्हणाला. दादा बसून राहिले. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायला लागलं होतं. तेवढ्यात तो गावचा माणूस मात्र पाऊलवाटेनं डोंगर चढून पुढं निघून गेला. आमच्या ते ध्यानातही आलं नाही.

गाव आलं तेव्हा रडण्याचा आवाज वेशीपर्यंत येत होता.

"कोन गेलं असंल गं?" दादा मला म्हणाले.

ताईच्या अंगणात बायका जमल्या होत्या. मधोमध विहीणबाई ऊर बडवत होत्या. "सोन्यासारखी इहीन माझी! आन् म्या तिला मांडवात बोलले गं!" ताई भिंतीला टेकून उभी होती. ती रडतही नव्हती. तिचं गाठोडं विहीणबाईंनी बांधून उंबऱ्यात ठेवलं होतं. ताईनं माझ्याकडं पाहिलं. त्या वेळी मला हसू आलं नाही.

"माय जित्ती हाय!" मी ओरडले. "पटका हिंगोलीला गेला!"

कोणालाच काही कळेना. मग दादांनी हात जोडून सगळं सांगितलं. ताई मटकन खाली बसली आणि तेव्हा कुठं रडली. विहीणबाईंनी तोंड पुसलं.

"काहून असं जीव घेता याही?" त्या आपल्या व्याह्यांवर कडाडल्या.

मग त्यांची नजर गाठोड्याकडं गेली. आता त्या ते सोडणार, असं मला वाटलं. दादांनीही श्वास रोखला असावा.

"बांधलंच हाय तर न्या," त्या म्हणाल्या. "पोरीला मायचं तोंड पाहू द्या. आन् याह्यांच्या डोक्याला आधी काहीतरी द्या कोनी."

जावयाचा पटका बांधून दादा परतले. ताई घरी पोचताच मायला बिलगली आणि सोडायलाच तयार नाही. मायला वाटलं, सासरी जाच आहे. मग सगळं कळलं तशी ती पोट धरून हसली. हसता हसता एकदम थांबली.

"इहीनबाई खरंच रडल्या?"

"ऊर बडवून," मी म्हटलं.

माय उठली आणि लुगड्यांची पेटी उघडून बसली.

पंचमी झाल्यावर ताई सासरी निघाली, तेव्हा तिच्या गाठोड्यात मायनं विहीणबाईंसाठी लुगडं घातलं, चांगलं रुंद काठाचं. आणि दादांना दारातून ओरडून सांगितलं, "उभ्यानं जा, पर पटका डोक्यावर राहू द्या."