केळ्याची डबलरोटी

वैशाखातल्या एका शनिवारी संध्याकाळी पवनारला वादळ झालं. पाऊस चार थेंबच पडला, वारा मात्र वीस-पंचवीस मिनिटं होता. सकाळी मी परसात जाऊन मोजलं. केळीची एकूण झाडं त्रेसष्ट, त्यांतली घडाला आलेली सतरा, आणि आडवी झालेली अकरा. ती अकराही घडाचीच होती. ज्यांच्यावर ओझं नव्हतं ती वाकली आणि पुन्हा उभी राहिली.

घड अर्धेअधिक भरलेले होते. ते कापून ओसरीवर पोत्यांखाली ठेवले. एका घडाला सरासरी शंभर केळी धरली तरी अकराशे झाली. त्या उन्हात ती पिकायला वेळ लागणार नव्हता. शुक्रवारी पहिली फणी पिवळी झाली आणि रविवारी घरात वासाने बसवेना. आम्ही आळीत वाटली, वाटसरूंना दिली, शेजारच्या शेळ्यांना घातली, तरी तीनशेच्या वर उरली. माझ्या बायकोने त्यांतलं एकही तोंडात घातलं नाही. तिने केळं सोडलं होतं.

ही पन्नास ते साठच्या मधली गोष्ट आहे. तेव्हा शेर-छटाक चालू होते आणि मी वर्ध्याला कापसाच्या एका जिनात वजनकाट्यावर कारकून होतो. घर पवनारला, नदीच्या अलीकडे. जाणं-येणं सायकलवर.

बायकोचा एक धाकटा भाऊ होता. तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. त्यांची आई लवकर गेली, म्हणून लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती त्याला आमच्याकडे घेऊन आली. आमच्या घरात तो वाढला, इथूनच वर्ध्याच्या शाळेत गेला आणि एकोणिसाव्या वर्षी त्याला क्षय झाला. रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर क्षयाचा दवाखाना होता, तिथे त्याला दिवाळीनंतर ठेवलं. मी त्याला पोचवायला निघालो तेव्हा तिने देवापुढे हात जोडून सांगितलं की हा आपल्या पायाने घरी येईपर्यंत मी केळं खाणार नाही. तिला केळं फार आवडायचं. भावाबहिणीची भांडणं व्हायची ती शेवटच्या केळ्यावरून. मी म्हटलं, दुसरं काहीतरी सोड, घरात केळीची बाग आहे. ती म्हणाली, "कारलं सोडून काय होते? आवडते तेच सोडा लागते."

सोडलं म्हणजे तिने पुरतं सोडलं. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात केळं असतं. तो प्रसाद ती हातावर घ्यायची, कपाळाला लावायची आणि माझ्या हातावर ठेवायची. त्या हिवाळ्यात मी चार ठिकाणी दोघांचा प्रसाद खाल्ला.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी त्याला भेटायला जात असे. मधल्या दिवसांत त्याची पत्रं यायची. माझा स्वभाव त्याला ठाऊक होता, म्हणून पत्राच्या डोक्यावर तारखेच्या खाली तो आपलं वजन लिहायचा. ब्याण्णव पौंड. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. एकदा त्याने लिहिलं, "भाऊजी, इथला काटा लबाड आहे. तुमच्या जिनातल्या काट्यावर मला एकदा कापसाच्या गाठीशेजारी बसवा, मग कळेल कोण भारी." बायकोला वाचता येत नव्हतं. मी पत्र मोठ्याने वाचायचो आणि ती आकड्यापाशी थांबवून विचारायची, मागच्यापेक्षा किती जास्त. वादळाच्या आधी आठ दिवस आलेल्या पत्रावर वजन नव्हतं. माझ्या ते लगेच लक्षात आलं. तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, घाईत लिहिलेलं दिसतं, राहून गेलं असेल. त्याच पत्रात त्याने लिहिलं होतं की सकाळी दुधासोबत डबलरोटी मिळते, पण ती सुकी लाकडासारखी असते आणि गिळताना घसा सोलतो.

तेवढं वाक्य तिने धरून ठेवलं. डबलरोटी हे त्या काळी आमच्याकडे आजाऱ्याचंच खाणं होतं. आजारी माणूस ती खातो म्हणजे ती खाऊनच बरा होतो, असा तिचा हिशेब. मला तिने सांगितलं की वर्ध्याच्या बेकरीवाल्याला विचारून या, मऊ रोटी कशी होते. पहिली फणी पिवळी झाली त्या शुक्रवारीच मी गेलो. तो म्हातारा माणूस भट्टीपाशी बसून होता. घरी केळी फार झाली आहेत हेही मी बोलता बोलता सांगितलं. तो म्हणाला, "फिर तो काम हो गया, बाबूजी. केला मसल के आटे में डालो. चार दिन नरम रहेगी." दह्यात खायचा सोडा फुलवायचा आणि मग ते पिठात घालायचं, हेही त्याने सांगितलं. प्रमाण विचारलं तर हाताने ओंजळ करून दाखवली. ओंजळ म्हणजे किती शेर, हे मी दोनदा विचारलं. तो हसला.

प्रमाण मग मीच ठरवलं. कणीक अर्धा शेर, गूळ पावशेर, तूप अर्धपाव, केळी सहा. भट्टी आमच्याकडे नव्हती. कणकेचे रोडगे आम्ही गोवऱ्यांच्या आहारात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजतो, पण या रोटीला राख लागून चालणार नव्हती. बायकोने लोखंडी घमेल्यात नदीची वाळू चाळून भरली, ती चुलीवर तापवली, तिच्यात तूप लावलेला डबा ठेवला, वर ताट झाकलं आणि ताटावर निखारे पसरले. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत हे. तिचा चेहरा लाल झाला होता. मी वेळ मोजत दारात उभा होतो.

पहिली रोटी सोमवारी केली. ती खालून जळली आणि आत कच्ची राहिली. बुधवारची दिसायला चांगली झाली, वर फुगून चिरली. मी तुकडा खाऊन पाहिला आणि सांगितलं की छान आहे. बायकोने दुसरा तुकडा शेजारणीला दिला. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, सोड्याने तोंड आलं बाई, साबण घातला का त्यात. बायको माझ्याकडे पाहत राहिली. मी पंधराव्या वर्षापासून तंबाखू खात होतो. माझ्या जिभेला तेव्हा मीठ आणि गूळ यांतला फरक कळायचा, त्यापुढचं काही नाही. इतकी वर्षं तिने केलेल्या प्रत्येक भाजीला मी छानच म्हणत आलो होतो.

रविवारी मी त्याला भेटायला जाणार होतो. शेजारणीला वारंवार विचारणं तिला नको होतं. क्षयाच्या माणसासाठी चाललं आहे हे आळीत माहीत होतं आणि काही जणी आमच्या घरचं भांडं हातात घेत नव्हत्या. गुरुवारी तिने सोडा निम्मा केला, चिमूटभर मीठ घातलं, वेलची कुटून घातली. रोटी निघाली ती तांबूस, बोटाने दाबली तर पुन्हा वर येणारी. तिने कड कापून माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, माझ्या जिभेवर भरवसा ठेवू नकोस, तूच खाऊन पाहा.

ती म्हणाली, "मी नाई खात. माहीत आहे ना तुमाले."

मग मी तिला समजावून सांगायला बसलो. मला आजही प्रत्येक शब्द आठवतो, कारण तेव्हा मला तो युक्तिवाद अगदी बिनचूक वाटत होता. मी म्हटलं, सोडलं ते केळं, हे फळ. यात कणीक आहे, गूळ आहे, तूप आहे, दही आहे. वजनाने पाहिलं तर केळं तिसरा हिस्साही नाही, आणि त्यातलंही पाणी आगीत उडून गेलं. आता याला कोणी केळं म्हणेल का? तिने प्रसादाच्या शिऱ्याची आठवण दिली. मी म्हटलं, त्यात फोडी दिसतात, इथे एक तरी फोड दाखव. आणि हे तू आपल्या जिभेसाठी कुठे खातेस? त्याच्यासाठीच खातेस. वाईट चव झाली तर तो दोन घास टाकून देईल आणि पुन्हा ती सुकी रोटी गिळत बसेल.

या शेवटच्या बोलण्यावर तिने कड माझ्यापुढून परत घेतली. तिने देवाच्या कोनाड्याकडे पाठ केली, कडेचा सुपारीएवढा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळला. मग म्हणाली, "गोड बरोबर आहे. सोडा नाई लागत." एवढं बोलून तिने चूळ भरली. शुक्रवारी तिने त्याच प्रमाणात दोन रोट्या केल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि पत्र्याच्या डब्यात ठेवल्या.

शनिवारी मी वर्ध्याला गेलो. उन्हाळ्यात जिन बंद असतो. वर्षाची वह्या-पुस्तकं पुरी करायला मी आठवड्यातून एकदा, शनिवारी, जात असे. टेबलावर तार होती. दवाखान्याच्या फॉर्मवर तारेचा पत्ता म्हणून मी स्वतःच्या हाताने जिनाचा पत्ता दिला होता. पवनारला तार पोचायला उशीर होईल, जिनात मी रोज असतो, असं मी धरलं होतं. दिवाळीनंतरच्या दिवसांत ते बरोबर होतं. पुढे उन्हाळा येईल हे मी धरलं नव्हतं. तार मंगळवारची होती. तुमचा रुग्ण सोमवारी रात्री वारला, ताबडतोब या, एवढाच मजकूर. चौकीदाराने ती नेमाने टेबलावर, दौतीखाली ठेवली होती. त्याच्याकडून काही चुकलं नाही.

सायकलवरून घरी पोचेपर्यंत दुपार झाली. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं, कारण मी काही बोलायच्या आधीच ती चुलीपासून उठून भिंतीला टेकली. मी सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी परवा खाल्लं."

मी ताबडतोब तार काढली. तिला वाचता येत नाही हे विसरून मी तारखेवर बोट ठेवलं. सांगितलं, हे पाहा, तो सोमवारी रात्री गेला. तू खाल्लंस गुरुवारी दुपारी. मध्ये मंगळवार आणि बुधवार, दोन पुरे दिवस गेले होते. तुझ्या खाण्याचा त्याच्याशी संबंध लागूच शकत नाही. मी बोटांवर वार मोजून दाखवले. सोमवारी तर आपली पहिली रोटी जळली होती, आठवतं ना?

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा हिसाब बरोबर आहे. पण मले कुठं माहीत होतं? मी खाल्लं तवा तो माह्यासाठी जिताच होता."

मी तार घडी करून खिशात ठेवली.

संध्याकाळच्या गाडीने मी निघालो. ती आली नाही. आता कोणाले पाह्याले येऊ, म्हणाली. मी दाराबाहेर पडताना तिने तो पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला आणि त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना द्यायला सांगितलं. भावाच्या पत्रांत त्यांचा उल्लेख असायचा. एका खेड्यातले वयस्क शाळामास्तर, पत्ते खेळताना फसवायचे म्हणून तो त्यांच्यावर चिडायचा.

दवाखान्यात वाट पाहून बुधवारी सगळं उरकलं होतं. मला त्याची पेटी मिळाली, दोन सदरे, आणि मास्तरांनी उशाखालून काढून दिलेली एक छोटी वही. त्या वहीत त्याने माझ्यासारख्याच रेघा ओढून दर आठवड्याचं वजन लिहिलं होतं. त्र्याण्णवनंतर नव्वद होतं. मग सत्त्याऐंशी, मग त्र्याऐंशी. शेवटच्या रांगेत तारीख होती आणि पुढे काही नव्हतं. मास्तर म्हणाले, पत्रात खोटा आकडा घालू का म्हणून त्याने मला विचारलं होतं. मग म्हणाला, भाऊजींना खोटा आकडा नको, त्यापेक्षा लिहीतच नाही. मास्तरांनी माझ्यासमोर रोटीचे दोन तुकडे दुधात बुडवून खाल्ले. बाकीची उद्यासाठी कपाटात ठेवली.

घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं की त्यांनी खाल्ली का. मी सांगितलं, दोन तुकडे, आणि गोड बरोबर आहे म्हणाले. तिने मान हलवली आणि डबा धुवायला नेला. वही मी तिला वाचून दाखवली नाही. तिने विचारलं नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगतो.

त्या शनिवारी दुपारनंतर मी तंबाखू खाल्ली नाही. तिला मी दातांचं कारण सांगितलं. ते तिला पटलं असं मला वाटत नाही, पण तिनेही पुढे विचारलं नाही. जीभ सुधारायला नऊ-दहा महिने लागले. पुढच्या होळीच्या सुमारास भाजीत हिंग जास्त झाला आहे हे मला जेवताना आपोआप कळलं आणि मी तसं म्हणालो. ती वाढायची थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

आता या गोष्टीला वीसच्या वर वर्षं झाली. परसात केळी आहेत, पूर्वीपेक्षा कमी. तिने घातलेली मुदत तो घरी येईपर्यंतची होती, म्हणून ती संपली नाही. प्रसाद अजून माझ्या हातावर येतो. आळीतल्या मुलांसाठी ती शिकरण करते तेव्हा आधी एक चमचा माझ्यापुढे धरते आणि म्हणते, "पाहा बरं, गोड बरोबर आहे का." मी चव घेतो. साखर कमी असेल तर कमी आहे म्हणतो.