अंगण खाली नेलं तेव्हा

मुलुंडमधल्या आमच्या जुन्या सोसायटीत जमीन खचली की तिच्यावर थर चढतो. मागचं अंगण दबलं? टाका डेब्रिज, बसवा नवे पेव्हर ब्लॉक. पुन्हा दबलं, पुन्हा तेच. दर वेळी अंगण थोडं उंच होतं आणि तळमजला थोडा खोल. माझं घर तळमजल्यावर आहे. आईला जिने चढवत नाहीत म्हणून मी ते घेतलं. तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून अंगणात उतरायला पायरी होती. पुढे ती अंगणातच गडप झाली, आणि गच्चीवरची टाकी भरून वाहिली की पाणी उंबरठा ओलांडून थेट ओट्याखाली येऊ लागलं.

म्हणून अंगण पुन्हा करायचं निघालं तेव्हा मी सभेत उभी राहिले. म्हटलं, "आता वर चढवायचं नाही. आधीचं सगळं काढायचं, खाली जायचं आणि पाया नीट भरायचा."

सेक्रेटरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका, मूळचे मालवणकडचे. "काय गो, विहीर खणतलंस काय?" सगळे हसले.

"काका, पाणी माझ्या घरात येतं."

"घर खाली घेतलंस तू, त्याका आमी काय करूचा?"

"तुमचा तिसरा मजला काही हवेत उभा नाही. तोही याच जमिनीवर आहे."

कंत्राटदार तिथेच होता. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. वरून ब्लॉक टाकतो ना, झकास दिसेल." मी सिव्हिल इंजिनीअर आहे म्हटल्यावर त्याने कॉलेज विचारलं. मी सांगितलं. "गावाकडचं का?" तो म्हणाला.

"हो, गावाकडचंच."

त्याची मला कधीच लाज वाटली नाही. माझ्या आईवडिलांनी रस्त्याच्या कामांवर मुरूम ठोकला आणि तो का ठोकायचा हे शिकायला मला पाठवलं. आमचे सर वर्गात कमी आणि कॉलेजमागच्या मोकळ्या जागेत जास्त शिकवायचे. ठोकलेल्या थरावर आम्हाला टाच मारायला लावायचे. टाच रुतली की थर नापास. एवढ्या लोकांनी माझ्यासाठी एवढं केल्यावर मी एका सभेतल्या हसण्याला घाबरून खाली बसणार नव्हते.

रविवारी सकाळी पहार घेऊन मी माझ्या दारासमोरचे ब्लॉक स्वतःच उचलले. खाली विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, थर्माकोल आणि एक अख्खं कमोड.

आई दारातून बघत होती. "बसायला अंगण केलंय म्हणत होते ते यावर होय गं?"

गॅलऱ्यांमधून हशा उठला. या वेळी तो माझ्यावर नव्हता. काका खाली आले, खड्ड्यात डोकावले. मग म्हणाले, "कर बाई तुझ्या मनासारखा. पण अंगण वाकडा झाला तर जबाबदारी तुझी."

"माझीच."

खोदत गेलो तसे सोसायटीचे सगळे आळस एकाखाली एक निघाले. शेवटी मूळची शहाबादी फरशी लागली, तीही काढली, आणि खालच्या घट्ट जमिनीला गटाराच्या दिशेने ढाळ दिला. मी रोज ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर बघत होते. एका संध्याकाळी आले तर सगळा खड्डा एकाच दमात काठोकाठ भरलेला, वरून छान सपाट केलेला. मी टाच मारली. चप्पल रुतली.

"हे काढा."

"मॅडम, वर ब्लॉक बसल्यावर कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसलं ना."

"वाट लागली आमची," कंत्राटदार पुटपुटला, पण काढलं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून तिथेच उभी राहिले. मुरमाचा पातळ थर, पाण्याचा शिडकावा, धुम्मसाचे ठोके, माझी टाच. पास झाला की पुढचा थर. त्यावर खडी, मग बारीक ग्रिट, आणि ब्लॉक सरकू नयेत म्हणून चारी बाजूंनी काँक्रीटची कड.

काम संपलं तेव्हा मी पाण्याचा पाइप काकांच्याच हातात दिला. "माझ्या दाराशी सोडा. पूर्ण जोरात."

"घरात शिरला तर माझ्या नावान बोंब मारू नको हां."

पाणी दाराशी जरा घुटमळलं, मग वळलं आणि गटाराकडे निघालं. उंबरठा कोरडा. आईने आतून, विचारायच्या आधीच, "काही नाही आलं!" म्हणून ओरडून सांगितलं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी अंगणभर फिरायला लागले. पलीकडच्या भिंतीशी, परत आणून ठेवलेल्या बाकाखाली, पाणी साचलेलं होतं.

"तेवढं चालतं मॅडम," कंत्राटदार म्हणाला.

"नाही चालत. हा कोपरा माझ्या टाचेतून सुटला, इथला पाया दबलाय. हे ब्लॉक उचला, परत भरा."

काका वैतागले. "तुझ्या घरात शिराक नाय ना? मग झाला तर!"

"मी फक्त माझ्या घरासाठी भांडले असं वाटलं तुम्हाला? या बाकावर तुम्ही बसता, काका."

त्यांनी पाइप खाली ठेवला. मग नळ बंद करून आले आणि वाकून बाकाचं एक टोक धरलं.

"दुसरा टोक धर गो," ते म्हणाले. "उभी काय रवलंस?"