व्हिडिओखालचं नाव

शालू वानखडे भांडनाले कवा कमी पडली नाई. तिवश्याच्या एका शाळेत ते खिचडी रांधते. तांदूळ किडका आला, का पोतं उचलून थेट हेडमास्तरच्या टेबलावर नेऊन आपटते. अशी बाई माह्या नेट कॅफेत मान खाली घालून बसली, तवा मले वाटलं, हिच्या घरचं कोनी गेलं का काय. गेलं कोनीच नव्हतं. अन् तोच तं सारा घोटाळा होता.

झालं असं, का तिची पोरगी पिंकी अमरावतीले टीव्ही-सिनेमाचं शिकून रायली होती. तिच्या सरनं इंटरनेटवरची एक साइट सांगितली. कोन्या विद्यापीठाच्या लोकायनं जुन्या बातम्या, मालिका, पिच्चर, त्याच्यावरचे लेख, सारं तिथं जमवून ठेवलं. ज्याले अभ्यास कराचा त्यानं पाहावं. जिल्ह्याचं नाव टाका, माल हजर. पिंकीनं माह्याच कॅफेत बसून 'अमरावती' टाकलं, अन् निंगाली कोन? तिची माय! दोन हजार सहाची, दिल्लीच्या कोन्या चॅनलवरची बातमी. शालू दारात उभी राहून रडून रायली, अन् खाली लिवलं होतं, 'आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा'.

"या अल्ला!" मी वरडली. "मंग देवमन कोन हाये? भूत?"

देवमन म्हंजे शालूचा नवरा, गवंडी. त्याच टायमाले तो समोरच्या टपरीवर तंबाखूचा खर्रा घोटून रायला होता, चांगला धडधाकट.

शालूले बोलावलं. तिनं पायलं, अन् मंग सांगितलं. त्या साली तिच्या शेजारच्या दुर्गाबाईचा मालक फवारनीचं औषध पेला. दुर्गाबाई आत मुर्द्यापाशी, शालू दारात, अन् तेवढ्यात टीव्हीवाले आले. आता शालूच्या सासरी आजेसासूनं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून त्या घरच्या बाया कुंकू लावत नाई, मंगळसूत्र घालत नाई. कपाळ कोरं, डोळे रडलेले, दार मयतीचं. त्या दिल्लीच्या शहान्यानं मनातल्या मनातच लगन लावलं अन् मोडलंबी. बाई, तू कोन, एवढंबी विचारलं नाई. आमच्याकडचं शेंबडं पोट्टंही सांगन, का हे बौद्धाघरचं कपाळ हाये, विधवेचं नाई. वरून कोन्या विद्वानानं त्या कपाळावर हा लांब लेख लिवला, अन् तोही साइटवाल्यायनं खाली जोडून ठेवला. मले तं असा राग आला, का कॉम्प्युटरच फोडतो!

पन शालू रागावली नाई. लाल झाली, मान खाली गेली. "काढा ते," म्हने. "आजच काढा. दुर्गाबाईनं पायलं तं मी तोंड कसं दाखवू?"

"अवो, तुह्या नवऱ्याले मारलं त्यायनं, अन् तुले दुर्गाबाईची पडली?"

"सितारा, काढ म्हटलं तं काढ!"

पिंकीनं ईमेल टाकला. उत्तर आलं, बोलनं मोठं अदबीचं. म्हने, आमी काही पुसत नाई, अभ्यासकायले लागते. चूक मात्र दुरुस्त करतो, बाईचं खरं नाव पाठवा.

"नाव नको," शालू म्हने. "रावू द्या मंग. विधवा तं विधवा."

आता हे काय बोलनं झालं? मी अन् पिंकीनं तिले लय समजावलं. खऱ्याले कायचं भेव? तू काय चोरी केली? ते नुसती जमिनीकडं पाहे. शेवटी पिंकीनं नाव पाठवून देल्लं.

दुरुस्ती झाली त्या दिवशी मी आलुबोंडे मांगवले. शालूले खुर्चीवर बसवलं, पडदा दाखवला. 'शालू वानखडे, तिवसा. मृत शेतकऱ्याची शेजारीण.' मी म्हटलं, "घे! जिता झाला तुहा नवरा!"

शालूनं व्हिडिओ पुन्हा लावाले सांगितला. मंग पडद्यावर बोट ठेवलं. "कपाळ नको पाहू. माह्या हाताकडं पाह्य."

मी पायलं. कॅमेरा जवळ आला, तसं तिचं रडनं थांबलं. तिनं केसावरून हात फिरवला, पदर नीट घेतला, कॅमेऱ्यात पायलं. अन् मंग पुन्हा रडाले लागली. पन्नासदा पायला होता आमी तो व्हिडिओ, अन् कोनालेच हे दिसलं नव्हतं.

"मले वाटलं, टीव्हीत दिसतो आता," शालू म्हने. "आत तिच्या मालकाचा मुर्दा पडला होता, सितारा, अन् मी केस सारके करून रायली. आतापावतो ते दुसरीच कोनी विधवा होती. आता नाव लागलं. आता ते मीच हावो."

लाज तिची, पन कान माहे तापले. नाव धाडा म्हनून मीच तं मागं लागली होती.

ते उठली. "चाल दुर्गाबाईकडं. जगानं पाहाच्या आंधी मीच सांगतो."

दुर्गाबाई ओसरीत तूर पाखडून रायली होती. शालूनं उभ्या उभ्याच सारं सांगितलं. केसाचं, पदराचं, काहीच लपवलं नाई. दुर्गाबाईचं सूप थांबलं नाई.

"मले मालूम हाये," ते म्हने. "खिडकीतून दिसलं होतं मले तवाच."

शालू तिच्यापुढं खाली बसली. "मंग इतके वर्ष बोलल्या कावून नाई तुमी?"

"मयत उचलली, तसे सारे पांगले. रोज सांजीले येऊन बसनारी तू एकटीच उरली होती," दुर्गाबाई म्हने. "तुले लाजवलं असतं, तं मी कोनाशी बोलली असती?"