मेहमूदभाईंची विझलेली बिडी

तळेगाव ढमढेऱ्याच्या मेहमूदभाईंनी चौदा वर्षं बिडी धरली, पण ओढली कधीच नाही. आज ही गोष्ट शिरूर तालुक्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण दोन हजार आठ सालच्या दिवाळीआधी ती फक्त दोघांना ठाऊक होती, एक मेहमूदभाई आणि दुसरा वर बसलेला. आणि दोघांनीही तोंड उघडलं नव्हतं.

रांजणगावच्या बाजूला स्प्रिंगा बनवणारा एक कारखाना आहे. नाव कशाला घ्या, मालक अजून हयात आहेत. तिथला रिवाज असा, की शिफ्टमध्ये दोनदा चहा, एकदा जेवण, बाकी वेळ मशीन सोडायचं नाही. बिडीवाल्याला मात्र माफी. तलफ आलेल्या माणसाच्या हातून माल बिघडतो, असं सुपरवायझर मंडळींचं पक्कं मत. त्यामुळे 'बिडी मारून येतो' एवढं म्हटलं की शेडमागच्या चिंचेकडे जायला रस्ता मोकळा. त्या चिंचेखाली नुसती पाठ टेकायला गेला तो कामचोर, आणि बिडी घेऊन गेला तो कामगार.

मेहमूदभाई नवीन लागले तेव्हा त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कंबर धरली म्हणून बिचारे चिंचेला टेकून बसले, तर सुपरवायझर समोर उभा. शेजारच्या मशीनवरचे केंदूरचे शंकरराव तिथंच धूर काढत होते. मोठे मायाळू गृहस्थ. त्यांनी आपली अर्धी बिडी मेहमूदभाईंच्या बोटांत खुपसली आणि म्हणाले, "बिडी वढतोय, सायेब. नवा हाय, लाजतोय जरा." सुपरवायझर समाधानानं निघून गेला.

त्या बिडीचा एक झुरका मेहमूदभाईंनी घेतला खरा. मग असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आणि नाकातून धूर एकदमच बाहेर आला. पुन्हा या वाटेला जायचं नाही, असं त्यांनी तिथंच ठरवलं. पण चिंचेची सावली तर सोडवेना. मग त्यांच्या ध्यानात आलं, की बिडी ही सिगारेटसारखी नाही. ओढली नाही तर ती आपोआप विझते, रुसलेल्या बायकोसारखी, काही न बोलता. झालं. तेव्हापासून मेहमूदभाईंच्या बोटांत कायम एक विझलेली बिडी. थोड्या थोड्या वेळानं म्हणायचं, "शंकरराव, काडी द्या हो, विझली बघा." शंकररावांनी काडी द्यायची, यांनी ती बिडीच्या टोकाशी नेऊन पुन्हा गप्पा सुरू करायच्या. लोकांना वाटे, माणसाचं तोंड बोलण्यातून मोकळं होत नाही, मग बिडी विझणार नाही तर काय.

आणि गप्पा तरी कसल्या! कुणाच्या जावयानं सासऱ्याच्या विहिरीवरची मोटर सोडवून नेली, कुठली सोयरीक हळदीच्या दिवशी मोडली, पाटसच्या कोणत्या मुकादमाला बायकोनं रात्रभर दाराबाहेर ठेवलं, सगळी खबर चिंचेखाली ताजी मिळायची. दोन सोयरिकी त्या झाडाखाली जमल्या, एक भावकीतलं भांडण मिटलं आणि तीन नवी सुरू झाली. मशीनवर मेहमूदभाई साधे कामगार होते. चिंचेखाली मात्र ते पाटील होते.

रमजानमध्ये रोज्यामुळे बिडी नसायची, पण तलफेच्या नावाखाली जुन्या बिडीवाल्यांना तेव्हाही कुणी अडवत नसे, म्हणून ते हात हलवत झाडाखाली येऊन बसायचे. रोजे धरणारे बाकीचे बिडीवाले दुपारपर्यंत वसवसायला लागत. मेहमूदभाई मात्र पाण्यात बसलेल्या म्हशीसारखे निवांत. बाकीचे म्हणत, गड्याचं नुसत्या वासावर भागतंय. शंकरराव तर केंदूरला घरी जाऊन सांगायचे, याला म्हणतात निष्ठा.

निष्ठेची किंमत घरी मोजावी लागत होती. मेहमूदभाईंची बायको सरदारबी, तळेगावच्या आठवडेबाजारात तिचं बांगड्यांचं दुकान. नवऱ्याच्या सदऱ्याला रोज चिंचेखालचा धूर. म्हणून सदरा वेगळा धुतला जाई आणि नवऱ्याची खाट पडवीत पडे. खरं सांगून टाकावं असं मेहमूदभाईंना कितीदा वाटलं. पण सरदारबीचा धंदाच असा, की बाईचा हात हातात आला की तोंड सुरू. बाजारात सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारच्या जीपनं शिरूरला पोचायची. तिथून कारखाना किती लांब? तेव्हा ओढणाऱ्याचे सगळे भोग मेहमूदभाईंनी न ओढता भोगले.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात सरकारनं कायदा केला, की कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद. लागू कधीपासून, तर गांधी जयंतीपासून. त्या वर्षी ईदही नेमकी त्याच दिवशी आली. मेहमूदभाईंनी शीरखुर्म्याचा पहिला चमचा तोंडात घातला आणि टीव्हीवर ती बातमी लागली. खजूर घशातच अडकला.

कारखान्यात कामगारांचं भलंबुरं बघायला बापूसाहेब म्हणून अधिकारी होते. वरून साधे, आतून पोचलेले. त्यांनी सांगितलं, शेडमध्ये तर आता बिडी चालणार नाही. चिंच उघड्यावर आहे, तिचं काय करायचं ते लोकांच्या मतानं ठरू दे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, हात वर करून मत द्यायचं. आणि येताना घरच्यांना घेऊन यायचं. या शेवटच्या वाक्यातली गोम तेव्हा कुणालाच कळली नाही.

मेहमूदभाई प्रचाराला लागले. बिडी गेली की चिंच गेली, आणि चिंच गेली की आपली पाटीलकी गेली, हे त्यांना चांगलं कळत होतं. चिंचेखाली सगळ्यांनी छातीवर हात मारून वचन दिलं, की आपला कोपरा सोडायचा नाही. पण गंमत पुढंच आहे. शिफ्ट सुटली की एकेक जण मेहमूदभाईंना बाजूला घेऊन कानाशी लागायचा. कुणाला डॉक्टरनं दम भरलेला, कुणाची सून नातवाला जवळ देत नव्हती. शेवटी खुद्द शंकरराव आले.

"मेहमूदभाई, खरं सांगू? बंदी आली तर लई बरं व्हईल. माझ्यानं सुटंना झालीय. पर म्या हात वर केला तर लोक म्हणत्याल, शंकऱ्या फुटला."

म्हणजे बघा, जे ओढत होते त्यांना मनातून बंदी हवी होती. आणि बिडीसाठी जिवाचं रान करणारा एकटाच होता, जो ओढत नव्हता.

सभेच्या दिवशी चिंचेखालीच मांडव घातला. एका बाजूला बिडीवाले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायका, आणि मागं पॅकिंग खात्यातल्या बाया. त्यांची पुढारी करुणा. बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. बापूसाहेबांनी शिरूरहून एक डॉक्टरही आणला होता. डॉक्टरनं टेबलावर एक यंत्र ठेवलं. तीन उभ्या नळकांड्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा. छाती धड असेल तर तिन्ही गोळ्या वर चढतात.

शंकररावांना पहिलं बोलावलं. त्यांनी नळीतून श्वास ओढला, तर एक गोळी कशीबशी उडाली आणि खाली आली. मग ते इतके खोकले, की त्यांच्या बायकोनं मांडवातूनच कपाळावर हात मारला. पुढच्या दोघांची तीच गत. बापूसाहेब गालात हसत होते. बायकांच्या देखत बिडी आणि तिच्यामागून चिंचेखालची बैठक, दोन्ही बंद पडणार, हे त्यांना दिसत होतं.

मग मेहमूदभाईंचं नाव आलं. ते टेबलापाशी गेले. तिन्ही गोळ्या वर गेल्या तर चौदा वर्षं खाली येणार. त्यांनी नळी तोंडात धरली आणि तान्हं पोर दूध पितं तसा श्वास घेतला. पहिली गोळी जागच्या जागी नुसती थरथरली.

बिडीवाल्यांनी माना खाली घातल्या. डॉक्टरचा चेहरा गंभीर झाला. त्यानं बापूसाहेबांना हळूच सांगितलं, पण मांडवभर ऐकू गेलं, की या गृहस्थांना उद्याच्या उद्या पुण्याला न्या, छातीचा फोटो काढा, प्रकरण साधं नाही.

सरदारबी उठून पुढं आली. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मेहमूदभाईंनी डोळे मिटून घेतले. पण ती ओरडली नाही.

"मी तुमची खाट भाईर टाकायला नको व्हती," एवढंच ती म्हणाली.

मेहमूदभाईंनी डोळे उघडले. शेकडो बायांच्या हातात बांगड्या भरणारी ही बाई स्वतःच्याच मनगटातल्या बांगड्या दुसऱ्या हातानं घट्ट धरून उभी होती, कुणी येऊन उतरवून नेईल अशा भीतीनं. ते बघितलं आणि मेहमूदभाईंना चिंच दिसेना, पाटीलकी दिसेना.

त्यांनी टेबलावरची नळी उचलली आणि श्वास ओढला. तिन्ही गोळ्या टणकन वर गेल्या आणि वरच राहिल्या. डॉक्टरला वाटलं यंत्र बिघडलं. त्यानं ते हलवून पाहिलं, पुन्हा ओढायला लावलं. पुन्हा तिन्ही वर.

"मला काय झालं न्हाई," मेहमूदभाई म्हणाले. "म्या कवा वढलीच न्हाई."

 पहिला शंकररावांचा आवाज आला, फार दुखावलेला. "मंग माझ्या इतक्या काड्या कुठं गेल्या?"

 तेवढ्यात मागून करुणा उभी राहिली.

"म्हंजी मेहमूदभाई, तुम्ही नुसतं बसायसाठी बिडी धरली?"

"व्हय बाई. कंबर दुखायची."

"आन् आमच्या कंबरा काय भाड्यानं आणल्यात?" तिनं बापूसाहेबांकडे मोर्चा वळवला. "सायेब, आमी बाया. आमाला बिडी धरता येत न्हाई, म्हणून आमी कवाच बसलो न्हाई. आता मत घेताच हाय, तर असं घ्या. बिडी भाईर, चिंच आत. आन् बसायचं सगळ्यांनी."

बापूसाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. आपण आणलेला बैल आपल्याच शेतात शिरलाय, हे त्यांना उमगलं. पण मांडव भरलेला, डॉक्टर समोर, बायका बघतायत. म्हणाले, घ्या मत. पहिला हात शंकररावांचा वर गेला. आपण फुटलोय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग कानाशी लागलेल्या सगळ्यांचे हात वर आले. मेहमूदभाईंनीही हात वर केला, तेव्हा त्यात ती नळी अजून तशीच होती.

आता चिंचेखाली पाळीपाळीनं सगळे बसतात. पहिले काही दिवस मेहमूदभाईंची फार पंचाईत झाली. हात रिकामा असला की गोष्टच सुचेना. शेवटी शंकररावांनी जुन्या बंडलातली एक बिडी काढून त्यांच्या बोटांत ठेवली, काडी मात्र दिली नाही. तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. करुणानं डोळे वटारले तर म्हणाले, "ही आधीपासनंच विझल्याली हाय, बाई."

घरी मात्र खाट पडवीतच राहिली. आधी धुरासाठी होती, आता खोट्यासाठी. मेहमूदभाईंनी वाद घालून पाहिला, की न केलेल्या गुन्ह्याची चौदा वर्षं भोगली, ती या गुन्ह्यात वळती करून घ्या. सरदारबी म्हणाली, ते खातं वेगळं, हे वेगळं. आणि पुढच्या बाजारात येईल त्या बाईच्या हातात बांगड्या चढवता चढवता तिनं तिन्ही गोळ्या अशा काही वर चढवल्या, की दौंडपर्यंत पोचल्या.

पौषात थंडी पडली तशी खाट मुकाट्यानं आत गेली. बाजारात कुणी विचारलंच तर सरदारबी सांगते, पडवीत कुत्र्यांना जागा पुरत नव्हती.