खताच्या खड्ड्यावरची खुर्ची

कॉफी हातात घ्या, पण घोट जरा जपून. मध्येच हसू आलं तर ठसका लागेल, आणि दोष माझ्या माथी येईल. तसा त्या दिवसाचा सगळाच दोष माझा!

आमचं गाव चोळपुरम्, कुंभकोणमच्या उत्तरेला. गावात आम्ही नऊ म्हातारे जुन्या जातींचा भात लावतो, विषारी औषधं न फवारता. सगळ्यांचं बियाणं माझ्या मागच्या खोलीत, मडक्यांत. उंदीर काही सुखाने ठेवू देत नाहीत. एका संस्थेने कळवलं, "तुमची शेती निसर्गाला किती धरून आहे ते बघून गुण देऊ. चांगले पडले, तर बियाण्यासाठी पक्की खोली बांधून देऊ." तपासणी माझ्या शेतावर!

मी शाळा थोडीच शिकलो. पण इन्स्पेक्टर येणार म्हटलं की मास्तर काय करायचे, ते पक्कं ध्यानात आहे. झाडायचं, पुसायचं, आणि ओंगळ दिसेल ते लपवायचं.

पहाटेच भातातली बारा बदकं हाकून आणली आणि कडी असलेल्या एकुलत्या एका खोलीत कोंडली. कोणत्या म्हणता? अहो, बियाण्याच्याच!

"डोकं ठिकाणावर आहे का?" माझी बायको सुंदरा ओरडली. "बदकं आणि बियाणं एका खोलीत?"

"मडक्यांना झाकणं आहेत."

"आणि बदकांना चोची आहेत!"

ऐकतो कोण? शेणखताचा खड्डा काठोकाठ भरलेला. त्यावर लेकीच्या लग्नातली सतरंजी अंथरली. सावली तेवढी तिथेच, म्हणून पाहुणीची खुर्चीही तिच्यावरच मांडली.

दहाच्या सुमारास संस्थेची मलर तपासणीला आली. नातीच्या वयाची पोर, हातात कागदांची चळत. आम्ही घरात मराठी बोलतो, पण तिला तमिळच येत होतं, म्हणून सगळं तमिळमध्ये चाललं. मी आदराने खुर्ची दाखवली. ती बसली आणि मला ताता, म्हणजे आजोबा, म्हणत विचारू लागली.

"ताता, शेतात गुरं, पक्षी?"

"छे! एकही नाही. घाण कोण करून घेणार?"

तिने शून्य लिहिलं. मी खूश. मला वाटलं, घाण शून्य!

"पालापाचोळा, शेण कुठे मुरवता?"

"शेण? आमच्याकडे?" मी हात झटकले. "बघ की, कसं लख्ख आहे!"

दुसरं शून्य. इतक्यात मागच्या खोलीतून "क्वॅक!" मी जोरात खोकलो. पुन्हा "क्वॅक, क्वॅक!" मी दोनदा खोकलो.

"ताता, दमा आहे का?"

"जुनाच आहे."

"बरं. पण ही जमीन गरम का लागते? आणि..." तिने खाली पाहिलं. "मी बुटकी होत चाललेय का?"

अय्यो! खुर्चीचे मागचे पाय हळूहळू खतात चालले होते. मी हात देईपर्यंत पोर खुर्चीसकट मागे कलंडली. चपला आभाळाकडे!

त्याच क्षणी घरातून मडकं फुटल्याचा आवाज. "बियाणं खाल्लं हो मेल्यांनी!" म्हणत सुंदराने दार उघडलं. बाराच्या बारा बदकं दारातली कोलमची रांगोळी तुडवत, ओळीने, मलरच्या अंगावरून थेट भातात! आणि लागली की किडे टिपायला.

मला वाटलं, संपलं. नऊ म्हाताऱ्यांची खोली मी एकट्याने बुडवली. तोंड कसं दाखवू?

मलर उठली. सतरंजी उचलली, मूठभर खत घेतलं. काळंभोर, गांडुळांनी वळवळणारं. हुंगलं. मग भाताकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटली.

"ताता, ज्याचे गुण आहेत तेच लपवलंत की हो!"

तिने सगळी शून्यं खोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बदकं, खत, बांधावरची भाजी, फुटलेल्या मडक्यातलं उरलेलं बियाणंसुद्धा. जवळजवळ प्रत्येक ओळीत पुरे गुण! तिने पाहिलेल्या सगळ्या गावांत आमचा पहिला नंबर. बाकीच्या आठही म्हाताऱ्यांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं, तेही गुडघ्यांमुळे.

शून्य एकाच ओळीत पडलं. मलरने सुंदराला आजीच्या मानाने विचारलं होतं, "पाट्टी, शेतीचं काही ठरवताना घरात तुमचं ऐकतात का?"

सुंदराने फुटक्या मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज सकाळचंच लिही, बाळ."

खोली झाली. पक्की, उंदीर न शिरणारी. किल्ली आम्हा नऊ जणांच्या गटाने एकमताने सुंदराच्या हाती दिली. मी दार वाजवलं की ती आधी खिडकीतून डोकावते, माझ्यामागे बदक नाही ना ते बघते, आणि मगच कडी काढते.