अप्पांचं अर्धवट जहाज

माझे वडील, अप्पा, जाऊन महिना झाला. आज त्यांची खोली आवरताना मीच आणून दिलेलं लाकडी जहाजाचं किट सापडलं.

कोळारच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर लेथ चालवली. केसाएवढा फरक खपवून घ्यायचे न्हाईत. म्हणून दुकानदार "सोपं घ्या" म्हणत असताना मी सगळ्यात अवघड किट उचललं.

"जमायलंय का?" विचारलं की म्हणायचे, "व्हायलंय की. घाई कामून करायलास?"

आज उघडून बघितलं. फळ्या वाकड्यातिकड्या चिकटलेल्या. शिडाच्या दोऱ्याला एकही गाठ नीट बसलेली न्हाई.

शेवटी शेवटी अप्पा चहा अर्धाच कप मागायचे. मला वाटायचं, साखर कमी करायलेत. हात थरथरायचे, हे आज कळलं.

तुमच्या घरी कुणी अर्धाच कप मागायलंय का?