सुक्या बोंबलांची गोणी

बायजाने फळीवरचा हळदीचा डबा उचलला आणि तिचा हात तिथेच थांबला. डब्यामागे उंदराच्या लेंड्या होत्या, ओल्या, ताज्या. अन्न खात्याचा साहेब जेवणाच्या वेळेआधी येणार होता. मागच्या खेपेला गटाराशी उंदीर दिसला तेव्हाच त्याने बजावलं होतं, पुन्हा आढळलं तर परवाना जाईल.

तेव्हापासून तिने काय कमी केलं होतं? गटाराला बारीक जाळी बसवली, भिंतीतली भोकं काचा घालून सिमेंटने बुजवली, पीठ-तांदूळ पत्र्याच्या पिंपांत हलवले. नवरा गेल्यावर कोपर गावात एका शेगडीवर तिने ही खानावळ काढली होती. आगरी जेवणासाठी आता ठाण्याहून माणसं यायची. सून कृतिका गल्ल्यावर बसायची.

"आई, गोणीला भोक पडलंय," कृतिका हळूच म्हणाली.

बायजाने वर पाहिलं. मिठागरावरच्या तिच्या माहेरी पावसाळ्यासाठी ठेवलेले सुके बोंबील आढ्याला टांगत. दोरीत पत्र्याचं झाकण ओवलं की वरून उतरणारा उंदीर घसरून खाली पडे. बंद डब्यात बोंबलांना कुबट वास लागतो म्हणून तिने इथेही तसंच टांगलं. पण माहेरी गोणीच्या आसपास काही नसे. इथे वीतभर अंतरावरून धुराचा पाइप गेला होता, आणि त्याच्या काजळीत बारीक पायांचे ठसे होते.

"मी डबे आणूया म्हटलेलं."

"म्हटलेलंस. आता ऐकवू नकोस, स्टूल धर."

तिने वर चढून एका हाताने भोक दाबलं, गोणी सोडवून खाली आणली. आत काहीतरी धडपडलं. बाहेर मोटरसायकल थांबली.

"मागच्या दाराने जा," कृतिका कुजबुजली. "मी साहेबांना चहा देते. गोणी गेली की काय दिसणारे त्यांना?"

मागचं दार उघडंच होतं. बायजा वळली. तेवढ्यात तिची नजर पुन्हा फळीवर गेली. मोठ्या लेंड्यांमध्ये तांदळाच्या कणीएवढ्या बारीक लेंड्या होत्या.

साहेब आत आला. "मावशी, गोणीत काय?"

"बोंबील. नि उंदीर."

कृतिकाने कपाळाला हात लावला.

"एकच?"

"नाय. पिल्लं पण हायत कुठंतरी."

साहेबाने वही उघडली. "आपण होऊन खानावळ बंद ठेवत असाल तर तसं लिहितो. सगळं साफ झालं की मला बोलवा. चालू ठेवलंत तर परवाना रद्द."

"आई, डोंबिवलीची ऑर्डर आहे. माणसं निघालीत घरून."

"फोन कर त्यांना. गॅस बंद कर आधी."

कृतिकाने बटण फिरवलं. अर्धकच्चा भात खदखदायचा थांबला, आणि त्या शांततेत मसाल्याच्या कपाटामागून पिल्लांची चूंचूं ऐकू आली.